अंजूर नाक्यावरची डॉक्टरीण

भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या गोदामातली ड्युटी संपवून मी शेअर रिक्षाने घरी येत होते. अंजूरच्या नाक्यावर रिक्षा वळली आणि समोर मीच उभी दिसले. विजेच्या खांबाला बांधलेली, घराच्या पत्र्याएवढी उंच, अंगात पांढरा कोट आणि गळ्यात स्टेथोस्कोप. चेहरा तेवढा माझा होता. तोही आत्तेबहिणीच्या हळदीतल्या फोटोतला, कारण गालांची पिवळी झाक काही केल्या गेली नव्हती. मान एकीकडे बघत होती आणि कोट दुसरीकडे. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आमच्या गावची कन्या डॉक्टर झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली मित्रमंडळाच्या झाडून सगळ्या सभासदांचे फोटो होते, काळे गॉगल लावलेले. माझ्यापेक्षा जास्त जागा त्यांनीच अडवली होती.

रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं, मग बॅनरकडे पाहिलं. "मॅडम, वो आप हो क्या?"

"नहीं," मी म्हटलं, "मेरी जुडवा बहन है." आणि तिथेच उतरून ओढणी तोंडावर घेऊन मागच्या आळीने घर गाठलं.

मी डॉक्टर झाले नव्हते. होणारही नव्हते. मला एक शिष्यवृत्ती मिळाली होती, आणि तीही आदल्या दिवशी. काही मुलांची वाढ चारचौघांसारखी होत नाही. बोलायला, चालायला, माणसांत मिसळायला ती आपापल्या वाटेने आणि आपापल्या वेळेला शिकतात. त्यांना शिकवू शकतील अशी माणसं आपल्याकडे फार थोडी, आणि आमच्या बाजूला तर दिवा घेऊन शोधली तरी सापडायची नाहीत. म्हणून एका संस्थेने ठरवलं होतं की गावागावांतल्याच पोरी निवडायच्या, दोन वर्षं त्यांच्या शिक्षणाचा आणि राहण्याचा भार उचलायचा आणि विशेष शिक्षिका करून त्यांना परत आपापल्या भागात पाठवायचं. त्यांतली एक मी. अभ्यासक्रम सुरू व्हायलासुद्धा अजून अवकाश होता.

बॅनर कुणाचा हे विचारायची गरज नव्हती. माझ्या चुलतभावाचं भिवंडीत फ्लेक्स छापायचं दुकान आहे, आणि आमच्या गावच्या मित्रमंडळाचा अध्यक्षही तोच. मी चप्पल न काढता त्याच्या ओटीवर गेले.

"अरे, मी डॉक्टर कुठे झाले?"

"होशील ना गो."

"नाही होणार! शिक्षिका होणार आहे."

"शिक्षिकेचा बॅनर कोन बघतं?" तो वाटीतली कोळंबी संपवत म्हणाला. "पोरांना बरी करनार ना तू? मंग डॉक्टरच झालीस."

"आणि अजून शिकायला सुरुवातसुद्धा केलेली नाही!"

"मंग आमी काय दोन वरसं वाट बघाची? आनंद आता झालाय."

आमच्याकडे आनंद फ्लेक्सवर चढल्याशिवाय झाला असं कुणी मानतच नाही. शर्यतीच्या बैलाचा वाढदिवस असला की बैल नाक्यावर झळकतो, गळ्यात हार आणि डोक्यावर मुकुट घालून. पोरगं बारावीच्या परीक्षेला बसलं की त्याला 'यशाबद्दल' शुभेच्छा मिळतात, आणि निकाल लागेपर्यंत बॅनर उतरवलेला असतो, त्यामुळे कुणाची पंचाईत होत नाही. माझी मात्र झाली.

खरं सांगायचं तर मुलांची सेवाबिवा असलं काही माझ्या डोक्यात नव्हतं. मी बी.ए. करून पूर्णाच्या एका गोदामात परत आलेला माल तपासायच्या कामाला लागले होते. लोक बूट मागवतात, लग्नात मिरवतात आणि 'साइज लहान' असं लिहून परत पाठवतात. ते बूट हुंगून बघायला जो माणूस ठेवलेला असतो, तो म्हणजे मी. आणि हे सगळं उभ्याने. पायांची पार वाट लागली होती. अंगणवाडीच्या ताईंनी शिष्यवृत्तीची बातमी सांगितली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो खुर्चीचा. शिक्षिकेला खुर्ची असते.

मुलाखतीला समोर बसलेल्या एका बाईंनी विचारलं, "या कामाला उपयोगी पडेल असं तुम्हाला काय येतं?" मी आपलं खरं ते सांगून टाकलं. "आमच्या खात्यात खोक्यावर काय लिहिलंय त्यावर विश्वास ठेवत नाहीत. उघडून बघतात." म्हटल्यावर जीभ चावली. लहान मुलांना पार्सल म्हणून बसले होते! पण त्या बाई हसल्या, आणि पुढे त्याच आमच्या शिक्षिका निघाल्या.

बॅनर लागला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आमच्या अंगणात माणसं यायला लागली. आधी गुडघेदुखी आली. मग साखर आली. मग एक काका म्हैस आटली म्हणून आले. आईला हे सगळं मनापासून आवडलं होतं. ती प्रत्येकाला चहा द्यायची आणि आत येऊन मला दटावायची, "मानसं आलीत गो, काईतरी सांग ना त्यांना." मी म्हशीच्या मालकाला पेंड बदलून बघा म्हणून सांगितलं आणि सुटका करून घेतली.

मग मुलं यायला लागली, आणि माझी चेष्टा करायची हौस उतरली.

कोन गावाहून एक जोडपं आलं, मांडीवर मान न धरणारं बाळ घेऊन. आमच्याच आळीत, आमच्या घरापासून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर, एक मोठी मुलगी होती. मी तिला कधी पाहिलंच नव्हतं. तिच्या आजीने तिला दिवेलागणीला, पदराखाली लपवल्यासारखी आणली. इतकी वर्षं ती मागच्या खोलीत होती आणि आम्ही पुढच्या अंगणात हळदीला नाचत होतो. मी प्रत्येकाला तेच सांगत होते. मी डॉक्टर नाही, ठाण्याला मोठ्या दवाखान्यात दाखवा. ते म्हणायचे, दाखवलंय, नंबर लावलाय, नंबर येत नाही. एवढ्या माणसांसाठी तिथे बसलेली माणसं किती, तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. शिष्यवृत्ती कशासाठी काढली होती ते मला मुलाखतीत कळलं नव्हतं, ते आमच्या ओटीवर कळलं. मला धडकी भरली.

त्या गर्दीत एक आई आली. मूळची डोंगरातल्या पाड्यावरची, आता पूर्णाला गोदामांत झाडलोट आणि माल उतरवायचं काम करणारी. गोदामाच्या भिंतीमागे झोपड्यांची रांग आहे, तिथे राहायची. नवरा वीटभट्टीवर गेला की महिनोन् महिने तिकडेच. बरोबर चारेक वर्षांची मुलगी होती. मुलीच्या कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी बांधलेली होती आणि पट्टीचं दुसरं टोक आईच्या मनगटाला होतं.

माझं डोकं तापट आहे, आणि तोंड डोक्याच्या आधी चालतं. "बांधून काय ठेवलीस पोरीला? बकरी आहे का ती?"

ती रागावली नाही. "बाय, तूच ना ती नाक्यावरची डॉक्टरीन?" तिने विचारलं. मग मुलीकडे बघत सांगितलं, "हाक मारली तं बघत न्हाय. सोडली का पलते. समोर रस्ता हाय. कंटेनर बघलेस ना किती मोठं?"

मी बघितले होते. रोज त्यांच्याच चाकांमधून वाट काढत कामावर जात होते. ड्रायव्हरला खाली उभा असलेला मोठा माणूस दिसत नाही, तर ही एवढीशी पोर कुठून दिसणार. माझा चढलेला आवाज खाली आला.

"सैपाक करते तवा खांबाला बांधते," ती म्हणाली. "कामाव जाते तवा शेजारच्या म्हातारीच्या खाटेला बांधते. हिला थांबाला शिकव. ही थांबली का मी ही पट्टी सोडीन. बाकी काय न्हाय मागत."

"अगं, मी डॉक्टर नाही. अजून शिकायची आहे."

"मंग कवा शिकशील?"

"दोन वर्षं लागतील."

तिने मुलीच्या कमरेची गाठ चाचपून पाहिली, घट्ट आहे ना म्हणून. "दोन वरसं अशीच बांधून ठेवू का?" ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. तिला खरोखरच विचारायचं होतं.

एवढा वेळ मुलगी माझ्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. ती चवड्यांवर चालत कोपऱ्यात गेली, पट्टी पुरेल तेवढी. तिथे मी गोदामातून आणलेल्या बबल रॅपचा ढीग पडला होता. आई त्याने लोणच्याच्या बरण्या गुंडाळते. मुलीने एक तुकडा उचलला, कानाशी धरला आणि एकेक फुगा फोडायला लागली. प्रत्येक आवाजाला तिचे डोळे मिटायचे. मी बघतच राहिले, आणि मी काय बोलते आहे हे कळायच्या आधी बोलून गेले, "रविवारी मी घरी असेन. येत जा."

अभ्यासक्रम ठाण्याला सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी माझं खुर्चीचं स्वप्न धुळीला मिळालं. आमच्या वर्गात खुर्ची नावाची वस्तू फक्त बाईंच्या पर्ससाठी होती. आम्ही सगळ्या सतरंजीवर, आणि मुलं आली की त्यांच्यामागे रांगत. गोदामात निदान उभी तरी होते.

दुसरं संकट माझ्या आवाजाचं. आमच्या गावात माणसं एकमेकांशी बोलतात ती खाडीपलीकडच्यालाही कळावं अशा बेताने. मी "बाळा, हा बघ चेंडू!" म्हटलं की मुलं कानांवर हात ठेवायची. एकदा बाईंनी मला बाजूला घेतलं. "तू मुलाला प्रश्न विचारतेस, उत्तर सांगतेस आणि शाबासकीसुद्धा देऊन मोकळी होतेस. त्याने काय करायचं?"

"मग मी काय करू?"

"एक शब्द बोल. मग गप्प बस."

"किती वेळ?"

"तुला अगदी असह्य होईपर्यंत. आणि मग अजून थोडा वेळ."

असं शिक्षण मी बापजन्मात घेतलं नव्हतं. सोळा विषयांच्या परीक्षा द्या म्हटलं असतं तर परवडलं असतं. पण हळूहळू कळायला लागलं की मी गप्प बसले की मुलं काहीतरी करतात. बोट हलवतात, नजर फिरवतात, माझी बाही ओढतात. आधीसुद्धा करत असणार, माझ्या बडबडीत मला दिसत नव्हतं.

बाईंना विचारूनच मी त्या पट्टीवाल्या मुलीला ठाण्याला बोलावलं. तिची आई कामावर खाडा करून आली. बाई सकाळभर मुलीबरोबर टेबलाखाली बसल्या होत्या. शेवटी त्यांनी सांगितलं की याला स्वमग्नता म्हणतात.

"ते जाल का?" आईने विचारलं.

"जाणार नाही," बाई म्हणाल्या. त्या कधी गोड बोलून वेळ मारून नेत नाहीत. "तिचा मेंदू जग वेगळ्या तऱ्हेने घेतो, तो तसाच राहील. पण ती शिकेल. आपण शिकवू. आधी काय शिकवायचं ते तुम्ही सांगा."

आईला विचार करावा लागला नाही. तिने मनगटाची गाठ वर करून दाखवली. "थांबाला."

तेव्हापासून आमचे रविवार सुरू झाले. मी शनिवारी घरी यायची, बाईंनी सांगितलेलं डोक्यात भरून. रविवारी सुट्टीच्या दिवशी ती मुलीला घेऊन रिक्षाने यायची. आमच्या अंगणाला कुंपण आहे आणि फाटक आहे, तेवढ्यापुरती पट्टी सोडता यायची. खेळ साधा होता. मुलीचा हात धरून फाटकापर्यंत जायचं, फाटकाशी उभं राहायचं, एकदाच 'थांब' म्हणायचं, तळहात दाखवायचा. थांबली की लगेच बबल रॅपचा तुकडा. मग परत ओटीकडे.

सांगायला साधा. मी म्हणायची, "थांब." मग मला राहवायचं नाही. "थांब गं, थांब बाळा, थांबायचं ना, अशी कशी गं तू..." मुलगी फाटकाच्या गजांतून अर्धी बाहेर. तिची आई पायरीवर बसून हसायची. "तू किती बोलतंस गो बाय!" मग तीच उठायची, मुलीचा हात धरायची आणि एकदाच 'थांब' म्हणायची. मुलगी तिचंही ऐकत नव्हती, पण निदान बाईंच्या सूचना कुणीतरी पाळत होतं.

बाई म्हणाल्या, बोललेला शब्द हवेत विरून जातो, चित्र समोर राहतं. लाल रंगाचा पंजा असलेलं कार्ड कर, हातात मावेल एवढं. मी चुलतभावाला सांगितलं, एक कार्ड छापून दे. पुढच्या रविवारी सकाळी चुलतभावाबरोबर दोन माणसं टेम्पोतून फ्लेक्सची गुंडाळी घेऊन आली. उलगडून बघते तर आमच्या फाटकाएवढा लालभडक पंजा, आणि खाली कोपऱ्यात गॉगल लावलेला अध्यक्ष. शेजारी 'सौजन्य'.

मी डोक्याला हात लावला. "अरे, तळहाताएवढं सांगितलं होतं!"

"एवढुसा छापून काय शोभा? लांबून दिसला पायजे."

"आणि हा कोण?"

"मीच ना."

"पोरीने पंजाकडे बघायचं की तुझ्याकडे? काप तो."

त्याला फार लागलं. पण घरातून कात्री आणली आणि स्वतःला स्वतःच्या हाताने कापून वेगळं केलं. तो तुकडा घडी करून खिशात ठेवला. उरलेला पंजा आम्ही फाटकाला आतून बांधला, पण ऊन पडलं की पातळ फ्लेक्समधून तो बाहेरूनही झकास दिसायचा. त्या वेळी निवडणुकीचे दिवस होते. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की आमच्या घराने पक्ष बदलला. दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते येऊन आईचा चहा पिऊन गेले. एक जण तर बाबांना तिकीट देतो म्हणाला.

पण त्या रविवारी मुलगी धावत फाटकाकडे गेली आणि पंजासमोर थांबली. मी 'थांब' म्हणालेच नव्हते. आश्चर्याने माझं तोंड बंद पडलं होतं. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत होती. मग तिने आपला छोटा हात त्या लाल तळव्याच्या मधोमध ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिली. पायरीवर बसलेली तिची आई उठून उभी राहिली. मी बबल रॅपचा सगळा ढीगच उचलून मुलीला दिला. इतका आनंद मला बी.ए.च्या निकालाला झाला नव्हता.

पुढचे रविवार आमचे मजेत गेले. मुलगी पंजाशी दर वेळी थांबायची. मी हवेत होते. चुलतभाऊ दुसऱ्या बॅनरचा मजकूर रचायला लागला होता.

मग एका रविवारी ती आली तेव्हा पट्टीला दोन गाठी होत्या. एक मुलीच्या कमरेला आणि आणखी एक खांद्यावरून. मी विचारायच्या आधी तिने सांगितलं. मुलगी थांबायला शिकली असं समजून तिने झोपडीशी पट्टी सोडली होती. मुलगी सरळ रस्त्यावर गेली. कंटेनरवाल्याने ब्रेक दाबला म्हणून वाचली. तो खाली उतरून हिला शिव्या घालून गेला. हे सांगताना तिचा आवाज चढला नाही की उतरला नाही. मी ओटीवर खाली बसले आणि तिच्यासमोर रडले. तीच मला म्हणाली, "पोर हाय ना. वाचली ना."

बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तिच्या लेखी थांबणं ही तुमच्या अंगणातली गोष्ट आहे. पंजा तिच्या दारात हवा. रस्त्याला लागायच्या आधी हवा. आणि रोज हवं, फक्त रविवारी नाही." मी ते तसंच्या तसं तिला सांगितलं. पुढच्या वेळी येताना छोटे पंजे छापून आणते म्हटलं. चुलतभावाने या खेपेला मुकाट्याने तळहाताएवढे छापून दिले.

पण पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पावसाचे दिवस होते, रिक्षा मिळत नसतील, अशी मी मनाची समजूत घालत होते. तिने आशा सोडली, हा विचार मनात आला की मी तो झटकून टाकायची आणि तो पुन्हा यायचा. आई म्हणाली, "येल गो." पण तिचंही लक्ष फाटकाकडेच असायचं. शेवटी एका रविवारी मी छोटे पंजे पिशवीत घातले, बबल रॅप घेतलं आणि पूर्णाची रिक्षा पकडली.

जिथे मी इतकी वर्षं ड्युटी केली त्या गोदामाच्या मागे मी कधी गेले नव्हते. मोठ्या रस्त्यावरून भिंतीच्या कडेने एक चिखलाची बोळ आत जाते. बोळीच्या तोंडाशी भिंतीवर काहीतरी लाल दिसलं. मी जवळ जाऊन पाहिलं. गेरूत बुडवून उमटवलेला हाताचा पंजा होता, मोठ्या बाईच्या हाताचा, मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर. पावसाने तो ओघळला होता आणि त्यावर पुन्हा उमटवला होता. थोडं आत गेले तर वळणावरच्या दगडावर आणखी एक. मग पाण्याच्या पिंपावर. मी त्या पंजांमागून चालत गेले आणि शेवटचा पंजा एका झोपडीच्या दाराच्या बांबूवर होता. तिने माझ्या छापील कार्डांची वाट बघितली नव्हती.

मला इतकं भरून आलं की बाईंची सगळी शिकवण मी विसरले. "अगो बाय! आहेस का घरात? अगं, आली का नाहीस, मी किती वाट बघितली, आणि हे पंजे काय सुंदर..." असं ओरडत मी दारात घुसले.

आतून मुलगी आली. चवड्यांवर, सावकाश. तिने हात वर केला आणि तळवा माझ्या पोटावर ठेवला.

मी थांबले. तोंडही थांबलं. पाऊस पाठीवर पडत होता आणि मी उंबऱ्याबाहेर उभी होते. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हती, ओढणीच्या टोकाकडे बघत होती. तिने माझा हात धरला, उचलून बांबूवरच्या गेरूच्या पंजावर ठेवला आणि तिथे दाबून धरला. मी बोलले नाही. असह्य होईपर्यंत नाही, आणि मग अजून थोडा वेळही नाही. मग तिने हात सोडला आणि बाजूला झाली.

आत चुलीपाशी तिची आई हसत होती. "सगल्यांना थांबवते. काल मुकादम आलता, त्याला बी भिजवला." रोज कामावर जाण्याआधी आणि परत आल्यावर ती मुलीला घेऊन त्या बोळीतून चालायची, प्रत्येक पंजाशी थांबून. रविवारचा पूर्ण दिवस त्यालाच जात होता, म्हणून आली नव्हती. मोठ्या रस्त्यावर अजून हात धरावाच लागतो, तिने सांगितलं. पण बोळीच्या तोंडाशी मुलगी आपण होऊन उभी राहते.

माझे डोळे अंधाराला सरावले आणि मी मागच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे मीच होते. पांढरा कोट, वाकडी मान, पिवळे गाल. नाक्यावरचा बॅनर उतरवल्यावर चुलतभावाने तो हिला पावसासाठी देऊन टाकला होता. गॉगलवाले सगळे दुमडून मातीखाली गेले होते. 'डॉक्टर झाल्याबद्दल' एवढी अक्षरं चुलीच्या धुराने काळवंडूनही वाचता येत होती, आणि त्यांच्यावरून पाणी ओघळत होतं.

"अगं, मी अजून झाले नाही," मी म्हटलं. "अजून वर्ष आहे."

"व्हशील तवा भावाला नवा लावाला सांग," ती म्हणाली. "आनि उतरवला का मना दे. हा गलाला लागलाय."

मी हसता हसता खाली बसले. मुलगी माझ्या पिशवीतून बबल रॅप काढून माझ्या पायाला पाठ टेकून बसली आणि एकेक फुगा फोडू लागली. मी आजूबाजूला पाहिलं. म्हातारीच्या खाटेचा पाय दारातून दिसत होता, त्याला काही बांधलेलं नव्हतं. घरातला खांबही मोकळा होता.

"ती पट्टी कुठे गं?" मी विचारलं.

तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि हनुवटीने वर दाखवलं. एका बांबूपासून दुसऱ्या बांबूपर्यंत लुगड्याची ती पट्टी ताणून बांधली होती, आणि तिच्यावर पोरीचा फ्रॉक वाळत होता.